अठ्ठ्याहत्तर किलोमीटरमध्ये बदलणारं ताट

बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा द्रुतगती रेल्वेमार्ग सुमारे ७८ किलोमीटरचा. त्यातले ७३ किलोमीटर बोगद्यांतून जातात, कारण मधे ॲपेनाइनची डोंगररांग आडवी पडली आहे. २००९ मध्ये हा मार्ग सुरू झाला आणि दोन शहरांमधलं अंतर ३७ मिनिटांवर आलं. पुण्याहून लोणावळ्याला लोकलनं जाताना आपण तेवढ्या वेळात निम्म्या वाटेवर असतो.

या ३७ मिनिटांत ताट बदलतं. बोलोन्यात स्वयंपाक लोण्यात आणि डुकराच्या चरबीत होतो, पास्ता अंडी घालून मळतात, जेवणाला दाटपणा येतो तो मांसाच्या रश्शातून आणि चीजमधून. फ्लॉरेन्समध्ये उतरलात की लोणी संपतं आणि ऑलिव्हचं तेल सुरू होतं. पाव येतो तो बिनमिठाचा. हा पाव शिळा झाला की टाकून देत नाहीत. त्याचं टोमॅटोबरोबर 'पाप्पा अल पोमोदोरो' होतं, काळ्या कोबीबरोबर आणि पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांसोबत 'रिबोल्लिता' होतं. तोस्काना प्रांतातल्या लोकांना बाकीचे इटालियन घेवडाखाऊ म्हणतात, इतका तो घेवडा त्यांच्या जेवणात मुरलेला आहे.

कारण डोंगरातच आहे. उत्तरेच्या बाजूला पो नदीचं सपाट, ओलसर खोरं आहे. तिथे चारा आहे, गाई आहेत, म्हणून दूध आणि लोणी. दक्षिणेच्या बाजूला कोरड्या, दगडी उतारांवर ऑलिव्ह तग धरतो. गाडी बोगद्यातून जाते म्हणून प्रवाशाला हा बदल डोळ्यांनी दिसत नाही. तो जिभेला कळतो, आणि तोही प्रवासी त्या गावचं मागवत असेल तरच.

इटलीला जाणाऱ्या मराठी माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन: तिथे 'इटालियन जेवण' मागू नका, त्या गावचं जेवण मागा. का, ते आकड्यांतूनच नीट दिसतं.

इटलीचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख २ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं ३ लाख ८ हजार. म्हणजे आपल्या राज्याएवढाच देश. मालवणचं कालवण, खानदेशातलं भरीत आणि नागपूरचं सावजी या सगळ्यांना 'महाराष्ट्रीय जेवण' हे एकच नाव देऊन कुणी एकाच हॉटेलात मांडलं तर आपण काय म्हणू? इटलीत असे २० प्रांत आहेत. शिवाय देश लांबट आहे. आल्प्सपासून सिसिलीच्या टोकापर्यंतचं अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, मुंबईहून दिल्ली सरळ रेषेत जेवढी दूर आहे तेवढं. एवढ्या लांबीत बर्फाच्या उतारावरचा गोठाही बसतो आणि आफ्रिकेसमोरचं बंदरही.

त्यातून हा देश एक झाला १८६१ मध्ये, आणि रोम त्याला मिळालं आणखी नऊ वर्षांनी. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार एकीकरणाच्या वेळी जेमतेम अडीच टक्के लोक इटालियन भाषा बोलत होते. बाकीचे आपापल्या बोलीत बोलत आणि आपापल्या बोलीत जेवत. एकाच पदार्थाला चार गावांत चार नावं आणि एकाच नावाखाली चार वेगळे पदार्थ, ही अवस्था आजही पूर्ण गेलेली नाही. सिसिलीत भाताचा जो तळलेला गोळा मिळतो, तो पालेर्मोत स्त्रीलिंगी 'अरांचिना' आणि कातानियात पुल्लिंगी 'अरांचिनो'. या वादात २०१६ मध्ये भाषेचा निवाडा करणाऱ्या फ्लॉरेन्सच्या अकादेमिया देल्ला क्रूस्का या संस्थेलाही लिहावं लागलं.

या विखुरलेल्या स्वयंपाकघरांना पहिल्यांदा एका पुस्तकात आणलं ते पेल्लेग्रीनो आर्तूझी या रेशमाच्या व्यापाऱ्यानं. फोर्लिम्पोपोली गावात जन्मलेला हा माणूस फ्लॉरेन्समध्ये राहत असे. प्रकाशक मिळाला नाही म्हणून १८९१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यानं पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. १९११ मध्ये तो वारला तेव्हा त्या ७९० झाल्या होत्या. मधली भर मोठ्या प्रमाणात वाचकांच्या पत्रांतून पडली. देशभरातल्या गृहिणी आपापल्या गावची कृती टपालानं पाठवत, आर्तूझीच्या घरची मारिएत्ता ही स्वयंपाकीण आणि फ्रांचेस्को हा स्वयंपाकी ती करून पाहत, आणि जमली तर ती पुढच्या आवृत्तीत जाई. मरताना त्यानं पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे केले. ही गोष्ट मला त्या ७९० कृतींइतकीच मोलाची वाटते.

आर्तूझीच्या पुस्तकानंतर १३४ वर्षांनी, १० डिसेंबर २०२५ रोजी, युनेस्कोनं इटालियन स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हा निर्णय झाला आपल्या दिल्लीत, लाल किल्ल्यावर भरलेल्या बैठकीत. त्याच बैठकीत दिवाळीचाही या यादीत समावेश झाला. मान्यता मिळाली ती एखाद्या पदार्थाला नाही, तर गावोगावच्या वैविध्याला आणि माणसांनी एकत्र बसून जेवण्याच्या रीतीला.

आता दुसरी बाजू. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेनुसार २०२३ मध्ये तिथल्या निवासस्थानांत १३ कोटी ३६ लाख पाहुणे उतरले आणि त्यांनी मिळून सुमारे ४४ कोटी ७० लाख रात्री काढल्या. त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त रात्री परदेशी पाहुण्यांच्या. देशाची लोकसंख्या ६ कोटींच्याही आत. इतके पाहुणे व्हेनिस, रोम आणि फ्लॉरेन्स या तीन शहरांतल्या ठरावीक चौकांत गर्दी करतात, तेव्हा त्या चौकांत सगळीकडे एकच मेनू तयार होतो: लसान्या, कार्बोनारा, पेस्तो, पिझ्झा, तिरामिसू, सोबत चित्रं, सहा भाषा, आणि दिवसभर उघडं स्वयंपाकघर. यातला प्रत्येक पदार्थ कुठल्या ना कुठल्या गावचा आहे. ज्या चौकात तो मिळतो, त्या गावचा मात्र बहुधा नसतो.

*

आपल्या गावचं नाव जगभर भलत्याच ताटावर लागलेलं पाहून इटलीतल्या काही गावांनी मोजपट्टी हातात घेतली.

बोलोन्याचंच पाहा. तिथली 'तालियातेल्ले' ही पास्त्याची चपटी पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद हवी. हे माप १६ एप्रिल १९७२ रोजी शहराच्या व्यापार मंडळाकडे रीतसर नोंदवलं गेलं आणि सोबत सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून ठेवली गेली. नोंदीत असंही म्हटलं आहे की ही रुंदी शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग आहे. मनोरा ९७.२ मीटर. भागून पाहा, ७.९२ मिलिमीटर येतात.

दहा वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्याच मंडळाकडे 'रागू'ची कृती दाखल झाली. आपल्याकडच्या कॅफेंत जे 'स्पॅगेटी बोलोनेझ' मिळतं, त्यातला खिम्याचा रस्सा म्हणजे हा रागू. बोलोन्यात तो स्पॅगेटीवर घालत नाहीत. त्यात गोमांस, डुकराचं मांस, गाजर, सेलरी, कांदा, टोमॅटो आणि वाईन असते, तो मंद आचेवर तासन्‌तास शिजतो, आणि तो पेलायला रुंद, खरखरीत, अंड्याची पट्टी लागते. गुळगुळीत गोल शेवयांवरून तो ओघळून ताटाच्या तळाशी जातो. २०२३ मध्ये या कृतीत सुधारणा करून नवी नोंद केली गेली. म्हणजे नोंद असली तरी ती दगडावरची रेघ नाही.

नेपल्सच्या पिझ्झ्याचं गणित याहून काटेकोर आहे. 'खरा नेपल्सचा पिझ्झा' जपणारी संघटना तिथे १९८४ मध्ये उभी राहिली, आणि २०१० मध्ये युरोपीय संघानं त्याची कृती 'पारंपरिक पदार्थ' म्हणून नोंदवली. व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर, फुगलेली कड १ ते २ सेंटिमीटर, लाकडाच्या भट्टीच्या तळाचं तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सिअस, आणि भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. घरच्या ओव्हनचा काटा साधारण २५० अंशांवर थांबतो. म्हणूनच तो मऊ, ओलसर, मधे हलका पातळ आणि कडेला काळे ठिपके पडलेला पिझ्झा घरी होत नाही. आपल्याकडचा कडक पिझ्झा खाऊन गेलेल्यांना तो 'कच्चा' वाटतो. तो कच्चा नसतो, दीड मिनिटात भाजलेला असतो. नोंदीत मुख्य प्रकार दोनच: मार्गेरिता आणि मारिनारा. २०१७ मध्ये युनेस्कोनं हा पिझ्झा करणाऱ्यांची कला वारसा म्हणून मान्य केली. तिथे एका माणसाला एक पूर्ण पिझ्झा, ही रीत. चौघांत दोन मागवले तर कुणी हाकलणार नाही, पण वाढपी दोनदा विचारेल.

रोममध्ये गेलात की पिझ्झा पुन्हा बदलतो. बशीतला गोल पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत होतो, आणि दुकानातला लांबट पिझ्झा कात्रीनं कापून वजनावर विकला जातो.

*

वजनावरून आठवलं, दुकानात चीज घेताना पाकिटावर 'डीओपी' किंवा 'आयजीपी' अशी अक्षरं दिसतील. ही युरोपीय संघाची १९९२ पासूनची नोंदणी. डीओपी म्हणजे कच्च्या मालापासून तयार होईपर्यंतचं सगळं काम त्याच ठरलेल्या प्रदेशात. आयजीपी म्हणजे निदान एक महत्त्वाचा टप्पा तरी तिथे. खाद्यपदार्थ आणि वाईन मिळून अशा नोंदी इटलीच्या नावावर साडेआठशेच्या वर आहेत, आणि युरोपात दुसऱ्या कुठल्याही देशाकडे इतक्या नाहीत.

दोन अक्षरांच्या फरकानं काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण मोदेनाचा काळा व्हिनेगर. आयजीपी शिक्क्याचा 'बाल्सामिको' किमान ६० दिवस मुरवला की विकता येतो. त्यात द्राक्षाच्या रसाबरोबर वाईनचा व्हिनेगर असतो. 'त्रादिझिओनाले' म्हणजे पारंपरिक, डीओपी शिक्क्याचा, तो फक्त द्राक्षाचा रस आटवून करतात आणि लाकडी पिंपांच्या रांगेत किमान १२ वर्षं ठेवतात. वरच्या प्रतीचा २५ वर्षं. ६० दिवस आणि १२ वर्षं, म्हणजे त्र्याहत्तर पट. तो १०० मिलिलिटरच्या ठरावीक आकाराच्या बाटलीतच मिळतो आणि थेंबाथेंबानं वापरतात. सॅलडवर ओतायचा तो पहिला, चीजच्या तुकड्यावर दोन थेंब सोडायचा तो दुसरा. दोघांचं नाव ऐकायला सारखंच.

पार्मिजानो रेज्जानो, ज्याला आपण पार्मेझान म्हणतो, ते फक्त पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे तीन जिल्हे आणि बोलोन्या व मांतोव्हा जिल्ह्यांचा काही भाग, एवढ्याच प्रदेशात बनतं. घटक तीन: दूध, मीठ, आणि वासराच्या पोटातून मिळणारं विरजण. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं आणि ते चाक भरतं ४० किलोच्या आसपास. म्हणजे एका किलोमागे जवळजवळ १४ लिटर. वर्षाला अशी सुमारे ४० लाख चाकं तयार होतात. त्यांचं दूध मोजलं तर आकडा दोनशे कोटी लिटरच्या पुढे जातो. बारा महिने झाल्याशिवाय कुठल्याच चाकावर शिक्का उमटत नाही. तेव्हा तपासनीस हातात छोटा हातोडा घेऊन येतो आणि चाक ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकतो, आपल्याकडे कुंभाराकडून माठ घेताना ठोकून पाहतात तसा. आत भेग किंवा पोकळी असेल तर आवाज बदलतो.

या चीजमागे भारतीय हातही आहेत, आणि हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत दूध काढणाऱ्या कामगारांत पंजाबातून गेलेल्या शिखांची संख्या मोठी आहे. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोवेल्लारा गावात २००० साली त्यांचा गुरुद्वारा उघडला, आणि तो युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांपैकी एक आहे. गोठ्यातलं काम पहाटे सुरू होतं आणि सणावारीही चुकत नाही. स्थानिक तरुणांनी ते सोडलं, तेव्हा गाई-म्हशींत वाढलेल्या या माणसांनी ते उचललं.

*

रोमचं ताट मात्र बेरीज-वजाबाकीनं समजावून सांगता येतं. डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस म्हणजे 'ग्वांचाले', आणि मेंढीच्या दुधाचं खारट चीज म्हणजे 'पेकोरीनो रोमानो'. पास्त्यात हे दोन्ही घातलं की 'ग्रिचा'. ग्रिचात टोमॅटो घातला की 'अमात्रिचाना'. टोमॅटोऐवजी अंडं घातलं की 'कार्बोनारा'. ग्रिचातून मांस काढलं आणि मिरी वाढवली की 'काचो ए पेपे'. चार पदार्थ, घटक जेमतेम पाच-सहा.

पण या ताटांचं मूळ शोधायला गेलं तर अनेकदा रोमच्या बाहेर जावं लागतं. 'रोमानो' नावाचं हे चीज आज बहुतांशी सार्दिनिया बेटावर बनतं. अमात्रिचाना ही डोंगरातल्या अमात्रिचे गावची, आणि ते गाव १९२७ पर्यंत रोमच्या लात्सिओ प्रांतात नव्हतंच, शेजारच्या आब्रुत्सो प्रांतात होतं. २४ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे भूकंपात हे गाव जवळजवळ सगळं कोसळलं. आसपासच्या गावांसह २९९ माणसं गेली. त्यानंतर इटलीत आणि बाहेर अनेक उपाहारगृहांनी अमात्रिचानाच्या प्रत्येक ताटामागे २ युरो मदतीसाठी बाजूला काढले. २०२० मध्ये युरोपीय संघानं या कृतीची नोंद केली. रोममध्ये हा पदार्थ मागवताना त्या गावाचं नाव ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि कार्बोनारा? तिच्यात साय घातली म्हणून रोमकर हळहळतात, पण इटालियन नियतकालिकात छापलेली तिची पहिली कृती १९५४ ची आहे आणि तिच्यात स्विस ग्रुयेर चीज होतं. आज जी 'एकमेव खरी' मानतात ती कृती त्यानंतरच्या काही दशकांत घट्ट झाली. परंपरा म्हणजे फार जुनं असंच नाही. एखाद्या शहरानं एकमतानं 'हे आमचं' म्हणायला एका पिढीचं आयुष्यही पुरतं.

देशाच्या कडांवर तर ताट सरळ सीमा ओलांडतं. उत्तरेला बोल्त्सानो जिल्हा पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. २०११ च्या जनगणनेत तिथल्या ६९ टक्के लोकांनी आपला भाषागट जर्मन सांगितला. तिथे पास्त्याऐवजी शिळ्या पावाचे उकडलेले गोळे आणि धुरी दिलेलं मांस जेवायला मिळतं. दुसऱ्या टोकाला, सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावर त्रापानीत, माशाच्या रश्शाबरोबर कुसकुस वाढतात. सिसिलीपासून ट्युनिशियाचा किनारा दीडशे किलोमीटरच्या आत आहे. रोम त्याच्या जवळजवळ तिप्पट दूर.

*

आता पैशांचं. इथे मराठी प्रवासी सगळ्यात जास्त गोंधळतो, आणि दोष त्याचा नसतो.

बिलात पहिली ओळ येते 'कोपेर्तो'. ताट-वाटी, टेबलावरची चादर आणि पाव यांचा माणशी आकार. साधारण दीड ते तीन-चार युरो, आणि तो मेनूवर छापलेला असावा लागतो. पाव खाल्ला नाही तरी तो द्यावा लागतो. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे २००६ च्या कायद्यानं हा आकार बंद केला, पण पावाचे वेगळे पैसे लावता येतात. काही ठिकाणी 'सेर्वित्सिओ' म्हणून १० टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क असतं. बक्षिसी बंधनकारक नाही. आवडलं तर एक-दोन युरो ठेवावेत, न ठेवल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

मेनूत अंतिपास्तो, प्रीमो, सेकोन्दो, कोंतोर्नो, दोल्चे असे पाच टप्पे असतात. सगळे घ्यायची सक्ती नाही. समजा चौघं बसले. कोपेर्तो अडीच युरोप्रमाणे १०, पाण्याच्या दोन बाटल्या ६, पास्त्याची किंवा भाताची चार ताटं १२ प्रमाणे ४८, आणि मधे वाटून खायला भाजीच्या दोन बशा १०. झाले ७४ युरो. याच टेबलावर प्रत्येकानं १६ युरोंचा सेकोन्दो म्हणजे मांस-माशाचा टप्पाही घेतला तर १३८. इटालियन माणूसही रोजच्या जेवणात दोन्ही घेतोच असं नाही. तो दुपारी प्रीमो आणि भाजी खाऊन उठतो.

खरा खड्डा एका छोट्या शब्दात आहे: 'एत्तो'. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. अख्खा मासा आणि फ्लॉरेन्सचा जाड 'बिस्तेक्का' यांची किंमत अनेकदा एत्तोवर लिहिलेली असते. मेनूत मासा '७ युरो' दिसतो, खाली बारीक अक्षरांत 'अल्लेत्तो' असतं, आणि सहाशे ग्रॅमच्या माशाचे ४२ युरो होतात. ही फसवणूक नाही, तिथली पद्धत आहे. मासा कापण्याआधी आणून दाखवतात, तेव्हाच वजन विचारावं. पदार्थापुढे छोटी चांदणी असेल तर तो गोठवलेला माल आहे, हेही लक्षात ठेवावं.

कॉफीचे दोन दर असतात, उभ्याचा आणि बसल्याचा. गल्ल्यापाशी उभं राहून घेतलेला एस्प्रेसो सव्वा युरोच्या आसपास मिळतो, प्रसिद्ध चौकात खुर्चीवर बसून घेतला की त्याच कपाचे तिप्पट-चौपट होतात. दरपत्रक लावलेलं असतं, ते आधी वाचावं. कपात कॉफी असते २५ मिलिलिटर, सुमारे ७ ग्रॅम भुकटीतून २५ सेकंदांत उतरलेली. दोन घोटांत संपते, म्हणूनच ती उभ्यानं प्यायची. 'लात्ते' मागितलंत तर नुसतं दूध येईल, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध.

पाण्यासाठी रोममध्ये मात्र पैसे घालवू नका. रस्त्यांवर सुमारे अडीच हजार 'नासोनी' आहेत. नाकासारख्या वाकड्या तोटीचे हे लोखंडी नळ १८७४ पासून बसवले गेले, आणि त्यांचं पाणी थंड आणि पिण्याजोगं असतं. बाटली घरूनच घेऊन जावी.

आणि घड्याळ. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर, दक्षिणेत आणखी उशिरा. मधल्या वेळात चांगली स्वयंपाकघरं बंद असतात. चार वाजता भूक लागली तर पिझ्झ्याचा तुकडा किंवा फोकाच्चा खावा. समूह सहलीत हे गणित हमखास चुकतं: दुपारचा वेळ बसमध्ये जातो, आणि संध्याकाळी साडेसहाला भारतीय उपाहारगृहात पनीर वाढलेलं असतं. घरच्या चवीची ओढ मला समजते, वयस्कर माणसांना तर ती लागतेच. पण नऊ दिवसांत अठरा जेवणं असतात. त्यातली निदान सहा तरी त्या गावाला द्यावीत.

*

'पण आमच्यात मांसाहार चालत नाही.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इटलीचं तिकीट काढण्याआधी बोललं जातं. त्याचंही उत्तर नकाशातच आहे, आणि इथे आकडा आहे अंड्याचा.

बोलोन्यात १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, हा घरोघरचा हिशोब. म्हणजे ताज्या पास्त्याच्या एका ताटात एका माणसामागे साधारण एक अंडं. दक्षिणेत हाच आकडा शून्य होतो. पुलियाची 'ओरेक्येत्ते' फक्त कठीण गव्हाच्या रव्यात पाणी घालून मळतात. कोरडा पास्ताही बहुतेक असाच असतो, कारण इटालियन कायद्यानुसार तो कठीण गव्हाच्या रव्याचाच हवा, आणि अंडं घातलं असेल तर पाकिटावर लिहावं लागतं. इटलीत वर्षाला माणशी सुमारे २३ किलो पास्ता खाल्ला जातो. ताटाला ८०-१०० ग्रॅम धरले तर आठवड्याला पाच ताटं. त्यात बिनअंड्याची ताटं भरपूर असतात.

चीज मात्र अवघड जागा आहे. पार्मिजानोत वासराच्या पोटातलं विरजण असतं, हे वर आलंच. ग्राना पादानोत त्याशिवाय अंड्यातून काढलेलं लायसोझाइमही असू शकतं. जे असं चीज टाळतात, त्यांनी नेपल्समध्ये मारिनारा मागवावा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस. चीज नाहीच. मिलानच्या केशरी रिसोत्तोत पूर्वापार हाडातला मगज आणि मांसाचा 'ब्रोदो' म्हणजे काढा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. भात आहे म्हणून शाकाहारी, असं धरून चालणार नाही. रोमान्या भागातली 'पियादिना' दिसते आपल्या पोळीसारखी, पण तिच्यात अनेकदा डुकराची चरबी मळलेली असते. ओरेक्येत्तेवरच्या पालेभाजीत खारवलेला छोटा मासा विरघळून गेलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. 'वेजेतारियानो' एवढंच सांगून भागत नाही. 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते उओवा', म्हणजे मांस नको, मासा नको, अंडं नको, असं तिन्ही वेगळं सांगावं. आणि 'पेपेरोनी' वाचून घाबरू नये, इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची.

उलट, काही चवी इतक्या ओळखीच्या निघतात की माणूस थबकतो. जेनोव्हात 'फारिनाता' मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त तव्याऐवजी भट्टीतलं, कडेला खरपूस आणि आत मऊ. पालेर्मोत त्याच पिठाच्या वड्या तळून पावात घालून देतात, त्या 'पानेल्ले'. वडापाव खाल्लेल्या माणसाला त्या हातात कशा धरायच्या हे सांगावं लागत नाही.

पण माझा कौल पुलियाला. तिथे 'फावे ए चिकोरिया' नावाचा पदार्थ आहे. साल काढलेल्या वाळक्या बाकल्याच्या डाळी घट्ट वरणासारख्या शिजवून घोटतात, शेजारी उकडलेली कडसर पालेभाजी ठेवतात, आणि वरून कच्चं ऑलिव्हचं तेल सोडतात. मूळ कृतीत मांस नाही, अंडं नाही, चीज नाही. हे शेतमजुरांचं जेवण होतं, आणि आज ते तिथल्या चांगल्या टेबलांवर मानानं वाढलं जातं. बारी शहराच्या जुन्या भागात, आर्को बास्सोच्या गल्लीत, बायका दाराबाहेर टेबल टाकून ओरेक्येत्ते वळत बसलेल्या असतात. रव्याच्या वळीचा नखाएवढा तुकडा सुरीच्या बोथट कडेनं फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की छोट्या कानासारखी वाटी तयार. बोलता बोलता शेकडो वाट्या जाळीच्या चौकटीवर वाळत पडतात. पाव किलो विकत घ्या, आणि कशाबरोबर शिजवायच्या ते त्यांनाच विचारा.